नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी माणसाच्या डोक्याला लागली होती. उकाडा होता, किडीची धास्ती होती आणि फवारणीवर फवारणी चालली होती. पाठीवर पंप, अंगात रोजचाच सदरा, तोंडाला फार तर दुपट्टा. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी आली.

‘याला जबाबदार कोण?’ हा प्रश्न त्या दिवसांत जिल्ह्यातल्या प्रत्येक पानठेल्यावर विचारला जात होता. पण हाच प्रश्न आमदाराने याच शब्दांत लिहून विधानभवनात दिला असता, तर तो दाखलच झाला नसता. त्यात मत विचारले आहे आणि सभागृहात मंत्र्याला मत विचारता येत नाही, माहिती विचारता येते. लोकसभेच्या कार्यपद्धतीतला नियम ४१ हेच सांगतो आणि राज्याच्या विधिमंडळाचे नियमही त्याच धर्तीचे आहेत. प्रश्नात युक्तिवाद नको, टोमणा नको, विशेषणे नकोत, कुणाच्या चारित्र्यावर शिंतोडे नकोत. न्यायप्रविष्ट बाब नको, क्षुल्लक किंवा मोघम मजकूर नको. आणि ज्या गोष्टीशी त्या सरकारचा मुख्यतः संबंध नाही ती तर नकोच.

या शेवटच्या अटीपाशीच बहुतेक प्रश्न अडखळतात. मंत्र्याला धरायचे तर आधी नेमका मंत्री कोण, हे ठरवावे लागते, आणि ते वाटते तितके सोपे नाही.

फवारताना मेलेल्या एका शेतमजुराचेच उदाहरण घ्या. त्याच्या पंपात जे औषध होते त्याला देशात विक्रीची नोंदणी देते फरिदाबादची केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समिती. कायदा १९६८ चा, केंद्राचा. म्हणजे हे औषध बाजारात का आहे, याचे उत्तर दिल्लीतले कृषी मंत्री देणार. ते औषध ज्या कृषी केंद्रातून आणले, त्याचा परवाना आणि तपासणी राज्याच्या कृषी खात्याकडे; म्हणजे मुंबईतले कृषी मंत्री. त्याला गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले असेल तर तिथे औषध होते की नव्हते हे सांगायचे सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांनी. तिथून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हलवले असेल, तर तिथल्या खाटा आणि कृत्रिम श्वसनयंत्रे यांचा हिशेब आरोग्य मंत्र्यांकडे नाही, वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांकडे. विक्रेत्यावर गुन्हा नोंदला का, तपास कुठवर आला, हे गृहमंत्र्यांचे. मृत्यू एक, मंत्री पाच. आरोग्य मंत्र्यांना विचारलेला वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रश्न खात्याखात्यांत फिरत राहतो आणि तोवर अधिवेशन संपते. विदर्भाच्या वाट्याला नागपूरचे हिवाळी अधिवेशन येते तेही बहुधा एक-दोन आठवड्यांचे, त्यामुळे चुकीच्या दारावर थाप मारणे परवडणारे नसते.

मंत्री ठरला की पुढचा मुद्दा: विचारणार कोण? यवतमाळ जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत: वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद आणि उमरखेड. लोकसभेसाठी मात्र हा एकच जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला आहे. वणी आणि आर्णी चंद्रपूर मतदारसंघात, उमरखेड हिंगोलीत आणि उरलेले चार यवतमाळ-वाशीममध्ये. उमरखेडच्या शेतकऱ्याने यवतमाळच्या खासदाराकडे खेटे घालावेत आणि तिथे त्याला ‘तुम्ही आमच्याकडे येत नाही’ असे ऐकावे लागावे, ही गंमत नकाशानेच करून ठेवली आहे.

त्यात २०१७ साली आणखी एक भर होती. मंत्री प्रश्नांची उत्तरे देतो. मंत्रिपदावर असेपर्यंत त्याला स्वतःला प्रश्न विचारता येत नाही. त्या वर्षी यवतमाळचे आमदार मदन येरावार आणि दिग्रसचे आमदार संजय राठोड हे दोघेही राज्यात राज्यमंत्री होते, आणि वणी-आर्णीचे खासदार हंसराज अहीर केंद्रात गृह राज्यमंत्री. आपला माणूस मंत्री झाला म्हणून गावोगाव गुलाल उधळला जातो. पण प्रश्नोत्तराच्या तासापुरते बोलायचे तर मतदारसंघाचा आवाज त्याच दिवशी बंद होतो. विरोधी बाकावर असताना याच अहिरांनी कोळसा खाणींच्या वाटपाचा पिच्छा पुरवला होता, हे वणीच्या कोळसा पट्ट्यातल्या लोकांना सांगायला नको.

यावर उपाय आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात. सभागृहातला कोणताही सदस्य कोणत्याही जिल्ह्याबद्दल प्रश्न विचारू शकतो. यवतमाळच्या विषबाधेचा प्रश्न लातूरच्या आमदाराला विचारता येतो, रत्नागिरीच्याही. विधान परिषदेत अमरावती विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे प्रतिनिधी आहेत, त्यांच्या मतदारयादीत यवतमाळ आहेच. राज्यसभेत महाराष्ट्राचे एकोणीस सदस्य बसतात, त्यांना तर मतदारसंघाची कुंपणेच नाहीत. आपला आमदार मंत्री आहे, किंवा सत्ताधारी पक्षाचा असल्यामुळे खाजगीत ‘हो हो’ म्हणतो आणि लिहून काही देत नाही, अशा वेळी दुसरा शोधावा.

आता प्रश्नाचा कागद. महाराष्ट्र विधिमंडळाच्या प्रश्नांची घडण पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे. ‘सन्माननीय कृषी मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, मग ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास’, ‘असल्यास’ अशा पायऱ्या, आणि तळाशी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ भाषा रुक्ष आहे, पण तिच्यात डावपेच भरलेले आहेत. विषबाधेवरचा एक प्रश्न मी इथे नमुना म्हणून जुळवतो:

(१) जुलै ते ऑक्टोबर, २०१७ या कालावधीत यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीमुळे विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजुरांचे मृत्यू झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय;

(२) असल्यास, अशा मृत्यूंची तालुकानिहाय संख्या किती, त्यांपैकी स्वतःच्या नावे सातबारा नसलेले शेतमजूर किती व त्यांच्या वारसांना कोणत्या योजनेतून किती मदत देण्यात आली;

(३) १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर, २०१७ या काळात महिनावार जिल्ह्यातील किती विक्री केंद्रांची तपासणी झाली, किती नमुने काढले, किती अप्रमाणित ठरले व किती परवान्यांवर कारवाई झाली;

(४) संबंधित कीटकनाशकांवर कायम बंदी घालण्याची शिफारस राज्य शासनाने केंद्राकडे केली आहे काय, असल्यास कोणत्या दिनांकास;

(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पहिल्या भागात मुद्दाम आकडा घातलेला नाही. नवशिक्या सदस्याच्या प्रश्नात तिथे हमखास आकडा असतो: ‘बावीस शेतकऱ्यांचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय?’ सरकारी नोंदीत एकवीस असतील, किंवा त्यातले काही शेतकरी नसून मजूर असतील, तर खात्याला एका ओळीत सुटता येते: ‘(१) हे खरे नाही.’ पहिली पायरी कोसळली की पुढच्या प्रत्येक ‘असल्यास’चे उत्तर आपोआप तयार: ‘प्रश्न उद्भवत नाही.’ तीन शब्दांच्या बळावर पाच भागांचा प्रश्न निकालात निघतो, आणि गंमत म्हणजे उत्तर खोटे नसते. म्हणून जाणता सदस्य पहिल्या भागात नाकारताच येणार नाही एवढेच लिहितो आणि आकडे पुढच्या भागांत मागतो. वरच्या नमुन्यातला तिसरा भाग तर ‘असल्यास’ने सुरूच होत नाही; वरचे दोन्ही भाग पडले तरी तो स्वतःच्या पायावर उभा राहतो.

तारखाही अशाच मोजून घातल्या आहेत. ‘तपासणी केली आहे काय’ असे विचारले की ‘होय’ एवढेच येते, कारण मृत्यूंची बातमी छापून आल्यानंतर धावपळीने केलेली तपासणीही तपासणीच असते. हंगामाच्या आधीपासूनचा काळ घातला आणि आकडे महिनावार मागितले, की बातमीच्या आधी किती तपासण्या झाल्या ते कागदावर उमटते.

सातबाऱ्याचा उल्लेखही उगाच नाही. राज्याची तेव्हाची शेतकरी अपघात विमा योजना, गोपीनाथ मुंडेंच्या नावाची, दोन लाखांची. जंतुनाशके हाताळताना झालेली विषबाधा तिच्यात बसत होती, पण २०१७ साली ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारासाठी होती. दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारा मजूर तिच्या बाहेर. सरकारने तेव्हा मृतांच्या कुटुंबांना वेगळी मदत जाहीर केली, पण ‘शेतकऱ्यांना मदत दिली काय’ अशा प्रश्नाला मिळणाऱ्या ‘होय’मध्ये मजूर आहे की नाही, हे वेगळे विचारल्याशिवाय कळत नाही.

चौथ्या भागातली तारीख मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कीटकनाशक कायद्याच्या कलम २७ प्रमाणे राज्य सरकारला एखाद्या औषधावर तात्पुरतीच बंदी घालता येते, साठ दिवसांची. कायमची बंदी केंद्राच्या हाती. अशा ठिकाणी दोन्ही सरकारे एकमेकांकडे बोट दाखवतात: राज्य म्हणते केंद्राला कळवले आहे, केंद्र म्हणते राज्याकडून प्रस्ताव आलेला नाही. ही पळवाट बंद करायची तर एकाच महिन्यात दोन प्रश्न टाकावेत. विधानसभेत, ‘शिफारस कोणत्या दिनांकास पाठवली?’ लोकसभेत, ‘महाराष्ट्राकडून अशी शिफारस कोणत्या दिनांकास प्राप्त झाली?’ दोन उत्तरे शेजारी ठेवली की कोण खरे बोलतो ते वेगळे सांगावे लागत नाही. त्यासाठी आमदार आणि खासदार यांच्यात बोलणे हवे, आणि यवतमाळसारख्या तीन खासदारांच्या जिल्ह्यात ते क्वचितच घडते.

त्या साठ दिवसांच्या यादीत मोनोक्रोटोफॉस होते. पुढे मे २०२० मध्ये केंद्राने सत्तावीस कीटकनाशकांवरच्या बंदीचा मसुदा काढला, त्यातही ते होते. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएल बंद करण्याचा आदेश निघाला २०२३ साली, तोही उरलेला साठा मुदत संपेपर्यंत विकण्याची मुभा ठेवून. सहा वर्षे. या सहा वर्षांत प्रत्येक अधिवेशनात कुणी ‘आज स्थिती काय’ एवढेच विचारत राहिले असते तर आदेश लवकर निघाला असता की नाही, सांगता येत नाही. पण दर खेपेला कुणा मंत्र्याला सही करून कारण द्यावे लागले असते.

हा कागद सदस्याच्या हातून सुटल्यावर कुठे जातो, तेही पाहू. विधिमंडळ सचिवालय तो नियमांत बसतो का ते तपासते, कापते-छाटते आणि संबंधित खात्याकडे पाठवते. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावरून तो पुण्याच्या कृषी आयुक्तालयात, तिथून अमरावतीच्या विभागीय सहसंचालकांकडे, तिथून यवतमाळच्या जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे आणि मग तालुक्याला. सरकारी कचेरीत याला ‘एलएक्यू’ म्हणतात. ‘एलएक्यू आला’ हे शब्द कानावर पडले की त्या दिवशी बाकीच्या फायली बाजूला पडतात, सुट्ट्या रद्द होतात, तालुक्याचा कर्मचारी रात्री आठला आकडे पाठवत बसतो. लोक वर्षभर अर्ज करून जी माहिती मिळवू शकत नाहीत ती दोन दिवसांत गोळा होते. प्रश्न सभागृहात पुकारला गेला नाही तरी हा फायदा पदरात पडतोच. गोळा झालेली माहिती मग त्याच पायऱ्या उलट्या चढत मंत्र्यापर्यंत जाते. सोबत एक पूरक टिपणी असते, म्हणजे सभागृहात कोण काय उपप्रश्न विचारेल याचा अंदाज आणि त्यावरचे तयार उत्तर. मंत्री उभा राहून जे बिनधोक बोलतो ते बरेचसे या टिपणीतले.

प्रश्नाचे मुख्य प्रकार दोन. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उभा राहून उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचे उत्तर लेखी येते, त्यावर उपप्रश्न नाही. लोकसभेत रोज वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न यादीत लागतात. कोणाचा नंबर वर लागायचा ते सोडतीने ठरते. मंत्रालयांचे पाच गट पाडून वार ठरवून दिले आहेत, त्यामुळे चुकलेला वार थेट पुढच्या आठवड्यावर जातो. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. अकरा वाजता तास सुरू होतो आणि बारा वाजेपर्यंत वीसपैकी पाच-सहा प्रश्न झाले तरी खूप. उरलेल्यांची उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर ठेवली जातात. तेव्हा ज्याला आकडे हवेत त्याने अतारांकित विचारावा, ज्याला मंत्र्याला उलटतपासणीत घ्यायचे आहे त्याने तारांकित. आपल्याकडे प्रतिष्ठा म्हणून सगळ्यांना तारांकितच हवा असतो.

उपप्रश्न हीच खरी कसोटी. मूळ प्रश्नकर्त्याला लोकसभेत दोन उपप्रश्न मिळतात, बाकीच्यांना अध्यक्ष संधी देतील तसे. इथे भाषण करणारा हरतो. मतदारसंघातल्या टीव्हीसाठी तीन मिनिटे बोलून शेवटी ‘सरकार काय करणार आहे?’ असे विचारले की मंत्री ‘सरकार गंभीर आहे’ म्हणून बसतो. याउलट एक छोटा, आधीच्या उत्तराला चिकटलेला उपप्रश्न पूरक टिपणीच्या बाहेरचा निघाला, तर मंत्री अधिकाऱ्यांच्या कक्षाकडे पाहू लागतो. मधू लिमये पुण्याचे, निवडून यायचे बिहारमधून. संसदेत त्यांचा दरारा होता तो आवाजामुळे नव्हे, नियमांच्या अभ्यासामुळे.

प्रश्नाने मंत्री घरी गेल्याचे जुने उदाहरण १९५७ चे. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटींचे समभाग घेतले, त्याची विचारणा लोकसभेत प्रश्नातूनच सुरू झाली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या सुरुवातीच्या उत्तरांनी समाधान झाले नाही, फिरोज गांधींनी डिसेंबरात प्रकरण उलगडून मांडले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांची चौकशी बसली. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी पायउतार झाले. अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत, हेही खरे.

हा अधिकार आपल्याला सुखासुखी मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलच्या सदस्यांना प्रश्न विचारायची मुभा दिली, तीही उपप्रश्नाविना. पहिला प्रश्न १८९३ च्या फेब्रुवारीत भिंगाच्या राजांनी विचारला. विषय होता दौऱ्यावरच्या साहेबांना रसद पुरवताना गावच्या दुकानदारांना होणाऱ्या जाचाचा. १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न मिळाला, १९१९ च्या सुधारणांनंतर इतरांनाही. तरी उत्तर देणारे व्हाइसरॉयला बांधील, सभागृहाला नव्हे. लोकनायक बापूजी अणे हे वणीचे, यवतमाळात वकिली करणारे. मध्यवर्ती कायदेमंडळात ते वऱ्हाडच्या बाजूने सरकारला जाब विचारत बसले, आणि १९४१ मध्ये स्वतःच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, त्यांनी ते पद सोडले. दोन्ही बाकांवर बसलेला असा माणूस या जिल्ह्याने दिला आहे. आज मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे ते राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ नुसार, आणि राज्यात विधानसभेला, अनुच्छेद १६४ नुसार.

यवतमाळचा विषय निघाला की शेतकरी आत्महत्या टाळता येत नाहीत. प्रश्न कुठे आणि कसा विचारावा, याचा याहून स्पष्ट धडा नाही. लोकसभेत केंद्रीय कृषी मंत्र्यांना यवतमाळच्या आत्महत्यांचा आकडा विचारला, तर उत्तरात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाकडे बोट दाखवले जाते. त्या अहवालात शेतकरी आत्महत्यांचे आकडे राज्यनिहाय असतात, जिल्हा शोधूनही सापडत नाही. २०१६ चा अहवाल तर नोव्हेंबर २०१९ पर्यंत प्रसिद्धच झाला नव्हता, आणि तोवर संसदेत ‘२०१५ पर्यंतचीच माहिती उपलब्ध आहे’ एवढेच उत्तर मिळत राहिले. जिल्ह्याचा आकडा राज्याच्या महसूल यंत्रणेकडे असतो, मदत व पुनर्वसन खात्यातून. तिथेही ‘किती आत्महत्या’ एवढेच विचारून भागत नाही. राज्यात वारसाला एक लाख रुपयांची मदत मिळते, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. जमीन कुटुंबाच्या नावे, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे, तेही थकलेले. ज्याने कर्ज गावातल्या बिनपरवाना सावकाराकडून काढले, तो या चाळणीतून खाली पडतो. म्हणून आकडा तीन रकान्यांत मागावा लागतो: पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. त्याच्या पुढचा रकाना, जो मागितला तरच मिळतो, तो म्हणजे अपात्रतेच्या कारणांची फोड. पहिल्या तीन रकान्यांत दुःखाची संख्या कळते; धोरण कुठे आखूड पडते ते चौथ्यात.

उत्तरातल्या ठरलेल्या शब्दांचाही अर्थ लावता आला पाहिजे. ‘हे अंशतः खरे आहे’ म्हणजे बरेचसे खरे आहे आणि उरलेले काय ते तुम्ही शोधा. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ यात कार्यवाही कोणती ते नाही आणि मुदतही नाही. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’, ‘बाब विचाराधीन आहे’ ही उत्तरे मात्र वरवर फोल दिसली तरी कामाची आहेत, कारण ती आश्वासन ठरतात. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासनांची समिती आहे. मंत्र्याचे असे वाक्य ती नोंदवून घेते आणि तीन महिन्यांत पूर्तता मागते. झाली नाही तर खात्याच्या सचिवांना बोलावून विचारते. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. त्यामुळे मुरलेले अधिकारी उत्तराच्या मसुद्यातून असे शब्द काढून टाकतात. जो मंत्री भावनेच्या भरात ‘मी स्वतः लक्ष घालतो’ म्हणतो त्याच्या मागे बसलेल्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

उत्तर अपुरे वाटले तर अर्धा तास चर्चा मागता येते. विषय तातडीचा असेल तर प्रश्नाची वाट न पाहता लक्षवेधी सूचना द्यावी. आपल्याकडे आमदारांना हेच आयुध सगळ्यात प्रिय, कारण त्यात मंत्री निवेदन करतो आणि वर्तमानपत्रात बातमी येते. उत्तर चुकीचे असेल तर लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली ती चूक दाखवून देता येते. जाणूनबुजून दिशाभूल केली असेल तर हक्कभंग, पण ‘जाणूनबुजून’ सिद्ध करणे महाकठीण.

या सगळ्याला काळी बाजूही आहे. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांची हकालपट्टी झाली, त्यांत दोघे आपल्याच जळगाव जिल्ह्यातले होते. कोणासाठी प्रश्न विचारला जातो आहे, हेही विचारले पाहिजे.

सामान्य माणसाला सभागृहात थेट प्रश्न नाही. पण कच्चा माल त्याच्याकडूनच जातो. डिसेंबरात विदर्भातून नागपूरला मोर्चे जातात, पोलिसांनी अडवले की मंत्री निवेदन स्वीकारतो आणि फोटो निघतो. निवेदनाला उत्तर देण्याचे बंधन कुणावर नाही. तोच मजकूर अधिवेशनाच्या दीड-दोन महिने आधी एका पानावर आमदाराला नेऊन दिला असता तर त्याला क्रमांक पडला असता. त्या पानावर भाषण नको. गाव, तालुका, तारीख, शासन निर्णयाचा क्रमांक, कोणत्या कचेरीत अर्ज कधी दिला त्याची पोच, माहिती अधिकारात काही मिळाले असेल तर त्याची प्रत, आणि खाली तीन-चार नेमके प्रश्न. आमदाराचा स्वीय सहायक अशा कागदाची वाट पाहत असतो, कारण अधिवेशनाआधी प्रश्न पुरवण्याचे काम बहुतेकदा त्याच्याच गळ्यात असते आणि त्याच्यापाशी वर्तमानपत्रांच्या कात्रणांखेरीज काही नसते. कात्रणावरून बनवलेल्या प्रश्नाला ‘हे खरे नाही’ म्हणणे सोपे. पोचपावतीवरून बनवलेल्या प्रश्नाला अवघड. सदस्य दाद देतच नसतील तर विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आणि लोकसभेची याचिका समिती आहेत, पण तिथला वेग वेगळा.

उत्तर छापून आले की लोक ते वाचून सोडून देतात. लोकसभा-राज्यसभेची उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर आणि राज्याची विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ठेवलेली असतात, मंत्र्याचे नाव आणि तारखेसह. ती उतरवून घ्यावीत आणि पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नाची सुरुवात तिथूनच करावी: ‘अमुक क्रमांकाच्या तारांकित प्रश्नास अमुक दिनांकास दिलेल्या उत्तराच्या अनुषंगाने’. असा प्रश्न आला की खात्याला जुनी फाइल काढावीच लागते. मधल्या काळात मंत्री बदललेला असतो, कक्ष अधिकारी बदललेला असतो, कधी सरकारही. पण उत्तर शासनाच्या नावाने दिलेले असते, आणि नव्या मंत्र्याला जुन्याच्या वाक्यापासून पुढे बोलावे लागते.